घराचं घड्याळ आणि पिंजऱ्यातला पाहुणा

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये फळांचे ढीग मागे टाकून पाखरांच्या दुकानांकडे वळलं, की आधी कलकलाट ऐकू येतो आणि मग वास येतो. एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत हिरव्या-निळ्या पाखरांची दाटी असते. खालच्या खोक्यात ससे एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत हॅमस्टर भुशात अंग गाडून झोपलेले असतात. सुटीच्या दिवशी इथे येणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. जोडी कितीला? चावतो का? खातो काय? उत्तरंही ठरलेली : तुम्हाला बरोबर लावून देतो, अजिबात चावत नाही, काहीही खातो. दहा मिनिटांत सौदा होतो आणि भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका टॅक्सीत बसून घरी निघतो.

हा प्राणी जागा कधी असतो, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

खरं तर पहिला प्रश्न तोच असायला हवा. शहरातल्या घराचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं. सकाळी सहाला शाळेची घाई, दुपारभर कुलूप किंवा एकटी आजी, संध्याकाळी सातनंतर सगळे घरी आणि रात्री अकरापर्यंत टीव्ही. पिंजऱ्यातल्या जिवालाही त्याचं वेळापत्रक असतं, आणि ते त्याच्या पूर्वजांनी वाळवंटात, डोंगरात किंवा गवताळ रानात ठरवलेलं असतं. ही दोन वेळापत्रकं जुळली तर प्राणी घरात रमतो. जुळली नाहीत तर महिन्याभरात पिंजरा बाल्कनीत जातो आणि त्याची सगळी कामं आईच्या वाट्याला येतात.

हॅमस्टरचंच बघा. मुठीत मावणारा, गोल डोळ्यांचा, गालांच्या पिशव्यांत दाणे कोंबून घेणारा हा प्राणी पहिल्या नजरेत मुलांना जिंकतो. बाजारात सर्वांत जास्त दिसणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियाचा. तो माणसाच्या घरात आला त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले शास्त्रज्ञ सॉल ॲडलर काळा आजार आणि त्याच्या जातीच्या रोगांवर काम करत होते. प्रयोगांसाठी त्यांना चीनमधून हॅमस्टर मागवावे लागत, आणि ते पिंजऱ्यात पैदास करत नसत. म्हणून १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. वाटेत मादीने एक पिल्लू मारलं, काही पिल्लं पुढे पळून गेली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून जी वंशवेल वाढली, तिचीच पिल्लं आज जगभरच्या दुकानांत आहेत. मूळ प्रदेशात मात्र हा प्राणी आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

या इतिहासात त्याचा स्वभाव सापडतो. रखरखीत प्रदेशात, जमिनीखालच्या बिळात, एकट्याने राहायचं आणि अंधार पडल्यावर दाणे गोळा करायला निघायचं, ही त्याची रीत. त्यामुळे 'एकटा कंटाळेल' म्हणून दोन मोठे सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांची जुंपते आणि कित्येकदा त्यातला एक मरतो. या प्राण्याला जोडीदार नकोच असतो. शिवाय तिसरीतलं मूल दुपारी शाळेतून येऊन त्याला हातात घेतं, तेव्हा हॅमस्टरची ती मध्यरात्र असते. गाढ झोपेतून उचललेला हॅमस्टर चावतो, मूल दचकून हात झटकतं आणि तो उंचावरून पडतो. चूक दोघांचीही नसते. रात्री साडेअकराला घर निजलं, की तो चाकात पळू लागतो आणि एका रात्रीत काही किलोमीटर पळतो. स्वस्तातलं चाक असेल तर त्याची करकर शेजारच्या खोलीत ऐकू जाते.

दहावी-बारावीचा अभ्यास करत रात्री जागणाऱ्या मुलाच्या खोलीत मात्र हाच प्राणी शोभतो. त्याला हवा किमान तीन फूट लांबीचा पिंजरा, बीळ करता येईल इतका जाड भुसा किंवा कागदाचा चुरा, आणि पाठ वाकणार नाही एवढं, म्हणजे निदान आठ इंच व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक. दुकानात मिळणारे रंगीत नळ्यांचे चिमुकले पिंजरे त्याला अपुरे पडतात.

लहान मुलांच्या घराशी ज्याचं वेळापत्रक सर्वांत जास्त जुळतं, तो गिनीपिग. हा ना गिनीचा, ना डुक्कर. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात माणसाने त्याला काही हजार वर्षांपूर्वी पाळलं ते खाण्यासाठी, आणि पेरूमध्ये आजही त्याचं मांस आवडीने खाल्लं जातं. युरोपात पोहोचल्यावर तो लाडका झाला आणि पुढे प्रयोगशाळेतही गेला. गिनीपिग अखंड अशी लांब झोप घेतच नाही. दिवसा आणि रात्री थोडं झोपायचं, उठायचं, खायचं, पुन्हा डुलकी काढायची, असं त्याचं चालतं. सकाळी आणि संध्याकाळी तो जास्त चपळ असतो. म्हणजे मुलं घरी असतात नेमकी तीच वेळ. फ्रिजचं दार उघडल्याचा किंवा पालेभाजीच्या पिशवीचा आवाज तो काही दिवसांत ओळखू लागतो आणि 'वीक वीक' अशी शिट्टी वाजवत जाळीशी येतो. तो क्वचितच चावतो, आणि अंगाने भरीव असल्यामुळे मांडीवर नीट बसतो.

पण त्याच्या दोन अटी आहेत. पहिली अट सोबतीची. तो कळपाचा प्राणी आहे आणि एकटा राहिला की मिटून जातो. स्वित्झर्लंडने ही गोष्ट २००८ मध्ये थेट नियमातच घातली : गिनीपिगसारखे कळपाने राहणारे प्राणी एकटे ठेवायचे नाहीत. मग दोघांतला एक मेला तर दुसऱ्याचं काय, असा पेच उभा राहिला. त्यावर तिथे उरलेल्या गिनीपिगला सोबत म्हणून दुसरा गिनीपिग भाड्याने देण्याची सोयही निघाली!

दुसरी अट आहाराची. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कळलंही त्याच्यामुळेच. १९०७ मध्ये नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे खलाशांना होणाऱ्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. स्कर्व्हीची कारणं प्रयोगशाळेत शोधण्याचा रस्ता तिथून उघडला. आजही दुकानातून आणलेल्या दाण्यांवर ठेवलेल्या गिनीपिगची हीच गत होते. सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, तो लंगडतो, आणि घरच्यांना वाटतं कुठे तरी आपटला असेल. उपाय साधा आहे. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या, अधूनमधून पेरूची फोड. बाकी पोट भरायचं ते गवतावर. दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे ते झिजायला हवेत, आणि ते काम गवतच करतं. शहरात वाळकं गवत सहज मिळत नाही म्हणून बरेच जण बाजारातून लसूणघास आणतात. तो वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक. मोठ्या प्राण्याला तोच रोज घातला, तर त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियममुळे मूतखडा होऊ शकतो. त्यापेक्षा फवारणी न केलेल्या जागेतल्या, स्वच्छ धुतलेल्या दूर्वा बऱ्या.

जोडी घेताना दोन माद्या घ्याव्यात आणि खात्री पशुवैद्याकडून करून घ्यावी. कारण लहान गिनीपिगचा नर-मादी भेद ओळखण्यात दुकानदारही चुकतात, आणि मादी अवघ्या महिन्याभराची असताना गाभण राहू शकते. 'दोन बहिणी' म्हणून आणलेल्या जोडीला एका सकाळी तीन पिल्लं झालेली दिसतात. तीही केसाळ, उघड्या डोळ्यांची, जन्मल्यावर काही तासांत घरभर पळणारी.

आता पाखरं. महाराष्ट्रातल्या बहुतेक दुकानांत 'लव्हबर्ड' म्हणून जे विकलं जातं, ते लव्हबर्ड नसतंच. ते असतं बजरिगार, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ भागात हजारोंच्या थव्याने उडणारं पाखरू. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, अंगाने जाड, आखूड शेपटीचे आणि चोचीने बरेच तिखट. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरिगार इंग्लंडला नेले आणि त्यांची फॅशन झाली. रानातलं बजरिगार हिरवं-पिवळं असतं. निळे, पांढरे आणि राखाडी रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढलेले आहेत. मोठ्या पाखरात नर-मादी ओळखायची खूण चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती असते. ती त्वचा नराची बहुधा निळी आणि मादीची तपकिरी किंवा फिकट असते. हा पक्षी बोलायलाही शिकतो. पक नावाच्या अमेरिकेतल्या बजरिगारला १,७२८ शब्द येत होते, अशी गिनेस बुकात नोंद आहे.

बजरिगारचं वेळापत्रक सूर्याचं. उजाडलं की किलबिल, अंधारलं की झोप. दिवसभर माणसं बाहेर असलेल्या घरात दोन पाखरं एकमेकांच्या सोबतीने मजेत राहतात. अडचण संध्याकाळी सुरू होते. वन बीएचकेच्या दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत दिवा आणि मालिका चालू राहिल्या, तर दहा-बारा तास झोप लागणारं पाखरू चिडचिडं होतं, पिसं उपटू लागतं. साडेसातला पिंजरा शांत खोलीत हलवून वर सुती चादर टाकणं, हे रोजचं काम कोणाचं, ते आधी ठरवावं लागतं.

दुकानदार जोडीबरोबर अनेकदा एक छोटं मडकंही देतो. मडकं टांगलं की पाखरं अंडी घालणार, एक दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी, आणि साधारण अठरा दिवसांनी पिल्लं. दोनाची आठ व्हायला नको असतील तर मडकं दुकानातच ठेवून यावं. पिंजरा उंच, गोल, घुमटाच्या आकाराचा छान दिसतो, पण पाखरू आडवं उडतं. म्हणून लांबट, चौकोनी पिंजराच घ्यावा. खाण्याला राळ्यासारखे बारीक दाणे, सोबत पालक-कोथिंबिरीची पानं आणि चोच घासायला समुद्रफेन.

स्वयंपाकघरात पिंजरा कधीही टांगू नये. पाखराची श्वसनसंस्था इतकी तल्लख असते, की ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातल्या कॅनरी नेत असत, आणि ती प्रथा थेट १९८६ पर्यंत चालली. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर जास्त तापला, तर त्याच्या थरातून निघणाऱ्या वायूने पाखरं काही मिनिटांत मरतात. माणसाला वासही येत नाही. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा धूरही त्यांना घातकच.

आपल्याकडे पिंजरा म्हटलं की आठवतो तो मात्र पोपट. वाड्याच्या ओसरीवर टांगलेला, डाळ आणि हिरवी मिरची खाणारा मिठू. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागत नाही, हे मिठूचं कौतुक करणाऱ्या आजोबांना ठाऊक नसायचं. पण तो मिठू आता घरी आणता येत नाही. आपल्या रानातला हिरवा पोपट, मुनिया, मैना हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दंड व तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. पिवळ्या चट्ट्यांचं, 'लक्ष्मी येते' म्हणून चोरून विकलं जाणारं तारा कासवही त्यातच. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार इतका फोफावला, की २०१९ मध्ये त्याला वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या सर्वांत कडक यादीत घालावं लागलं. बाजारात नाण्याएवढं मिळणारं लाल कानाचं अमेरिकी कासव मुळात वेगळं, पण तेही फसवं. ते जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि कंटाळलेल्या घरांतून तलावात सोडलं गेलं की तिथल्या देशी कासवांच्या तोंडचं अन्न आणि उन्हं खायच्या जागा बळकावतं.

परदेशी पक्ष्यांनाही आता कागद लागतात. 'साइट्स'च्या यादीतल्या परदेशी जाती पाळणाऱ्यांनी 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी, असे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. मकाव, करडा आफ्रिकी पोपट आणि लव्हबर्डच्या बहुतेक जाती त्यात येतात. बजरिगार आणि कॉकाटील हा तुऱ्याचा छोटा पोपट त्या यादीबाहेर आहेत. लहान घरासाठी त्यांची शिफारस करण्यामागे हेही एक कारण.

राहिला ससा. शुभ्र, लाल डोळ्यांचा ससा दुकानात टोपलीभर दिसतो, पण पिंजऱ्यातला प्राणी म्हणून तो सर्वांत चुकीची निवड. त्याला रोज काही तास मोकळं पळायला लागतं, आणि पळताना तो चार्जरच्या वायरी कुरतडतो. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात त्याच्या तळव्यांना जखमा होतात. उचलून घेतलेलं बहुतेक सशांना आवडत नाही आणि जोरात झटका दिला तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. गाजर हे त्याचं रोजचं जेवण नव्हे, ती त्याची मिठाई. ज्यांच्याकडे तळमजल्यावर अंगण किंवा बंदिस्त गच्ची आहे, त्यांनीच सशाचा विचार करावा.

हवामानाचा हिशेब सगळ्यांनाच करावा लागतो. केसाळ प्राण्यांची पुस्तकं लिहिली जातात थंड देशांत, आणि त्यांत थंडीपासून जपायच्या सूचना असतात. नागपूर, अकोला, जळगाव इथे पारा ४५ अंशांवर जातो, आणि गिनीपिग व ससा तिशीच्या आसपासच धापा टाकू लागतात. दुपारी कुलूप लावलेल्या, पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेला पिंजरा म्हणजे भट्टी. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली, की प्राणी तिला टेकून बसतात. कोकणात आणि मुंबईत त्रास पावसाळ्याचा. भुसा ओलसर राहतो, त्यावर बुरशी येते, आणि दोन दिवसांआड तो बदलावा लागतो.

आजारपणाचं गणित तर कोणी मांडतच नाही. मुंबईत परळला १८८०च्या दशकात सुरू झालेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, लोकांच्या तोंडी बैलघोडा हॉस्पिटल. तालुक्याच्या गावी मात्र पशुवैद्य गायी-म्हशींचा जाणकार असतो, हॅमस्टर त्याने पाहिलेला असेलच असं नाही. घरातल्या मुलाचं उरलेलं अँटिबायोटिक थोडं पाजणं ही नेहमीची चूक. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडाने दिली तर गिनीपिग आणि हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि पाठोपाठ तो प्राणीही. गिनीपिग किंवा ससा दिवसभर खात नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याला दवाखान्यात न्यावं.

शेवटचं घड्याळ आयुष्याचं. ते शाळेच्या इयत्तांत मोजलं की चटकन कळतं. तिसरीत आणलेला हॅमस्टर पाचवीत मरतो, कारण त्याचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. गिनीपिग पाच-सात वर्षं, म्हणजे आठवी ते दहावीपर्यंत. बजरिगारही जवळपास तेवढाच, नीट सांभाळला तर जास्त. ससा बारावी ओलांडतो. कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतो, तेव्हा मूल नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेलं असतं आणि पक्षी निवृत्त आईवडिलांकडे राहतो.

एवढं सगळं जमेला धरून निवाडा करायचा तर तो असा. सात ते बारा वयाची मुलं, घरात दिवसा कोणीतरी मोठं माणूस आणि चार फूट बाय दोन फूट मोकळी जागा असेल तर दोन गिनीपिग माद्या. दिवसभर घर बंद असेल, पण संध्याकाळी एक शांत खोली देता येत असेल, तर मडक्याविना बजरिगारची जोडी. रात्री जागणारा, स्वतःची खोली असलेला मोठा मुलगा किंवा मुलगी असेल, तर एक हॅमस्टर. यांपैकी काहीच बसत नसेल तर गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावं. बुलबुल आणि चिमण्या स्वतःच्या वेळेने येतात, स्वतःच्या वेळेने जातात.

निवड पक्की झाली तरी आधी पिंजरा आणावा, प्राणी पंधरा दिवसांनी. रिकाम्या पिंजऱ्यातलं पाणी रोज सकाळी बदलायचं, संध्याकाळी कागद काढायचा, रात्री चादर टाकायची. कोणती पाळी कोणी चुकवली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. मग बाजारात जायचं ते प्राण्याची वेळ बघून. पाखरं पाहायची सकाळी, हॅमस्टर दिवेलागणीनंतर, आणि गिनीपिग त्यांचा चारा टाकायच्या सुमाराला. त्या वेळीही जो कोपऱ्यात पिसं किंवा केस फुलवून डोळे मिटून बसलेला असेल, तो आजारी आहे असं समजावं आणि कितीही दया आली तरी त्याच पिंजऱ्यातला दुसराही आणू नये.